आधी मैदान की आधी चटई? वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

या महिन्यात आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं एकाच गोष्टीवर आहेत, योग आणि खेळ एकत्र कसा करायचा. शाळांच्या तालुका स्पर्धा तोंडावर आल्यात म्हणूनही असेल. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, म्हणून वेगवेगळ्या वयाची सहा पत्रं घेतलीत, नावं काढून टाकलीत. मी स्वतः शाळा-कॉलेजात कबड्डी खेळले आणि नंतर योगशिक्षक झाले, डॉक्टर नाहीये, त्यामुळे जिथे डॉक्टरकडे जा म्हटलंय तिथे खरंच जा.

माझी मुलगी तेरा वर्षांची आहे, आठवीत. आमचं गाव यावल तालुक्यात. ती कबड्डी खेळते आणि शाळेच्या योगासन टीममध्ये पण आहे. सकाळी योगाचे सर पाय मागून डोक्याला लावायला सांगतात, संध्याकाळी कबड्डीची प्रॅक्टिस. महिना झाला गुडघ्याच्या खाली दुखतं म्हणते. सर म्हणतात अंग मोकळं झालं की थांबेल, कबड्डीचे कोच म्हणतात योग बंद करा, तिचे पप्पा म्हणतात दोन्ही बंद करा. काय करू?

ताई, दोन्ही बंद करायची वेळ आलेली नाही हे आधी तिच्या पप्पांना सांगा. आता एक करा, तिला खुर्चीवर बसवा, पाय सैल सोडायला सांगा आणि गुडघ्याच्या वाटीच्या दोन-तीन बोटं खाली नडगीवर जो उंचवटा असतो ना तिथे अंगठ्याने हलकंच दाबा. बरोबर तिथेच ती पाय मागे ओढत असेल, तो उंचवटा दुसऱ्या पायापेक्षा जरा फुगलेला लागत असेल आणि जिना चढताना, उडी मारताना, गुडघ्यावर बसताना जास्त दुखत असेल, तर बहुतेक तो ऑसगूड श्लॅटर नावाचा त्रास आहे. खेळणाऱ्या मुलांमध्ये या वयात तो भरपूर दिसतो. मांडीच्या पुढच्या स्नायूची दोरी वाटीवरून खाली येऊन त्या उंचवट्यावर बांधलेली असते, आणि तिथलं हाड अजून कोवळं असतं, वाढ चालू असते. मुलींची उंची साधारण अकरा-बाराच्या आसपास आणि मुलांची तेरा-चौदाला झपाट्याने वाढते, तेव्हा हाड पुढे पळतं आणि स्नायू मागे राहतो, मग ती दोरी दिवसभर हाडाला ओढत राहते. सकाळी पाय मागे वाकवून ताण, संध्याकाळी उड्या आणि पकडी, म्हणजे एकाच जागी दोनदा ओढ. हाडांच्या डॉक्टरांना एकदा दाखवा म्हणजे दुसरं काही नाही ना याची खात्री होईल. तोपर्यंत वज्रासन, उष्ट्रासन, गुडघ्यावर भार येईल असं सगळं आणि उड्या बंद, खेळून आल्यावर फडक्यात बर्फ गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं. वाढ पूर्ण झाली की बहुतेकांचं हे आपोआप थांबतं.

पण ताई, मला गुडघ्यापेक्षा दुसरीच गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. तुम्ही लिहिलंय की ती एक खेळ खेळते आणि योग करते. तसं नाहीये ते, ती दोन खेळ खेळते. डिसेंबर 2020 मध्ये केंद्राच्या क्रीडा मंत्रालयाने योगासनाला स्पर्धेचा खेळ म्हणून मान्यता दिली, त्यानंतर हरियाणात झालेल्या खेलो इंडिया युथ गेम्समध्येही योगासनाच्या स्पर्धा झाल्या. ते चांगलंच झालं, आपल्या गावाकडच्या पोरींना त्यातून पुढे जायला वाट मिळाली, पण ज्या आसनाला मार्क आहेत, पंच समोर बसलेत आणि शेजारची मुलगी आपल्यापेक्षा दोन इंच जास्त वाकतेय, ते आसन शरीराला आराम देत नाही, ती मेहनतच असते, कबड्डीसारखीच. म्हणजे तुमच्या मुलीला सकाळ-संध्याकाळ दोन प्रॅक्टिस आहेत आणि ज्याला आपण योग म्हणतो, शांत बसणं, श्वास, शवासन, ते तिच्या दिवसात कुठेच नाही.

दोन्ही सरांना एकदा एकत्र बसवा. शाळेत चहा द्या आणि त्यांच्यासमोर तिच्या आठवड्याचा कागद ठेवा, कोणत्या दिवशी किती तास. दोघांनाही खरंच माहीत नसतं की दुसरा काय करून घेतोय, हे मी पंधरा वर्षं बघतेय. आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी, म्हणजे सायकलवर क्लासला जाणं सोडून काही नाही. स्पर्धेचे महिने वाटून घ्या, तालुका-जिल्हा-नाशिक विभाग असं पुढे जायचं असेल तर दोन्हीत एकाच वेळी जीव तोडणं तेराव्या वर्षी कोणालाच झेपत नाही. आणि रात्री झोपायच्या आधी पंधरा मिनिटं मार्क नसलेला योग, भिंतीला पाय टेकवून पडून राहणं, भ्रामरी म्हणजे भुंग्यासारखा आवाज करत श्वास सोडणं, बस. तुम्ही पण तिच्या शेजारी पडा.

अजून एक बघा, तिने हात सरळ केला की कोपर उलटं वाकतं का? अशा मुली आसनांमध्ये पटकन पुढे जातात आणि सगळे कौतुक करतात, पण त्यांचे सांधे मुळातच सैल असतात, कबड्डीत कोणी घोटा पकडून ओढला तर त्यांनाच आधी लागतं. अशा मुलीला आणखी ताणायचं नसतं, तिला ताकद द्यायची असते. नौकासन, सेतुबंधासन, फलकासन, एका पायावरचे तोल, आणि कुठलंही आसन शेवटच्या टोकापर्यंत न नेता थोडं अलीकडे थांबवून धरणं.

मुलगा नऊ वर्षांचा. क्रिकेट अकॅडमी लावलीय, एकाग्रता वाढावी म्हणून प्राणायामाचा क्लास पण लावू का? शीर्षासन शिकवतात तिथे. जळगाव.

भाऊ, क्लास नका लावू. या वयात त्याला झाड बनून एका पायावर उभं राहू द्या, बेडूक, मांजर, साप करू द्या, घरात अंगणात दहा मिनिटं, तुमच्याबरोबर, हसत खेळत. श्वास रोखायचं काहीही नको आणि शीर्षासन तर नकोच, मान अजून कोवळी आहे. आणि एकट्या क्रिकेटला पण बांधून टाकू नका, लगोरी, खो-खो, पोहणं, झाडावर चढणं हे सगळं होऊ द्या. एकाग्रता म्हणाल तर मेहरूण तलावावर सकाळी न्या आणि पाच मिनिटं डोळे मिटून किती पक्षी ऐकू येतात ते मोजायला सांगा.

मी शहाद्याचा, वय 17, कबड्डीत रेडर आहे, म्हणजे चढाई करतो. तिसऱ्या-चौथ्या रेडनंतर दम टिकत नाही. व्हिडिओ बघून मॅचच्या आधी जोरात भस्त्रिका आणि कुंभक करतो, मागच्या वेळी डोळ्यापुढे अंधारी आली. दम वाढवायला काय करू? आणि मॅचच्या आधी कोणती आसनं?

भाऊ, अंधारी आली म्हणजे शरीराने सांगितलं तुला, आता ऐक. जोरजोरात भराभर श्वास घेतल्याने रक्तात ऑक्सिजन फारसा वाढत नाही कारण तो आधीच जवळपास भरलेला असतो, कमी होतो तो कार्बन डायऑक्साइड, आणि तो खूप कमी झाला की मेंदूकडे जाणारं रक्त कमी होतं, म्हणून चक्कर येते. श्वास घ्यावासा वाटण्याची जी ओढ असते ती पण याच वायूमुळे असते. म्हणून हात जोडून सांगते, विहिरीत किंवा तापीत पोहायला जाताना असा भराभर श्वास घेऊन मग बुडी मारून दम मोजायचा खेळ कधीच खेळू नका, श्वासाची ओढ लागायच्या आधीच पोरगा पाण्यात बेशुद्ध होतो आणि वर उभ्या असलेल्यांना वाटतं दम धरून बसलाय.

आता कबड्डीचं. रेड तीस सेकंदांची, आणि कबड्डी-कबड्डी म्हणताना तू श्वास रोखत नसतोस, तू बारीक बारीक सोडत असतोस. म्हणजे तुला कुंभक नाही, लांब रेचक हवाय. रोज सकाळी बसून नाकाने साधा श्वास घे आणि भ्रामरी किंवा ओंकार जितका सहज लांबेल तितका लांबव, घड्याळ लाव, पहिल्या आठवड्यात किती सेकंद, चौथ्या आठवड्यात किती, वहीत लिही. ओढून ताणून नाही, शेवटी धाप लागली तर तो जास्त झाला. पण खरं सांगू का, तिसऱ्या रेडला दम जातो याचं मोठं कारण धावणं कमी पडतंय हे असतं. आठवड्यातून दोनदा तीस सेकंद जोरात पळ आणि मिनिटभर चाल, असे आठ-दहा राउंड, हे प्राणायामाने भरून निघत नाही. प्राणायामाचा फायदा तुला दोन रेडच्या मध्ये होईल, बाजूला उभा असताना श्वास सोडायला घेण्यापेक्षा दुप्पट वेळ लावलास की हृदयाचे ठोके लवकर खाली येतात.

आणि मॅचआधी आसनं. मी सोळा वर्षांची होते तेव्हा विभागाची मॅच होती, आम्हाला ज्यांनी तयार केलं त्यांनी मॅचच्या आधी पश्चिमोत्तानासन दोन-दोन मिनिटं धरायला लावलं, अंग एकदम सैल, छान वाटलं. पहिल्याच रेडला बोनस गुणासाठी पाय टाकला आणि मांडीच्या मागे कोणीतरी दगड मारावा तसं झालं. खाली बसले ती त्या सीझनला उठलेच नाही. ताण धरल्यामुळेच ते झालं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण एवढं आता पक्कं माहीत आहे की एखादा स्नायू मिनिटापेक्षा जास्त वेळ ताणून धरला की थोडा वेळ त्याचा जोर आणि झटका कमी होतो. म्हणून मॅचआधी हलतं ठेव, जॉगिंग, सूर्यनमस्काराच्या सात-आठ चालत्या फेऱ्या, पाय पुढे-मागे झुलवणं, बाजूला उड्या, शेवटी दोन खोट्या रेड. धरून ठेवायची आसनं मॅचनंतर, अंग गरम आहे तोवर.

वय 21, चाळीसगाव तालुका, कुस्ती मातीत पण खेळतो आणि मॅटवर पण. स्पर्धेला आठ दिवस राहिलेत आणि वजन साडेतीन किलो जास्त आहे. रोज उन्हात जर्किन घालून तासभर कपालभाती करतोय, रात्रीचं जेवण बंद केलंय. वस्ताद म्हणतात जोर मारणाऱ्याला योगाची काय गरज?

पैलवान, कपालभातीने चरबी जळत नाही. जर्किनमध्ये जे उतरतंय ते घामाचं पाणी आहे, पाणी प्यायलास की परत येणार, आणि नाही प्यायलास तर आपल्याकडच्या उन्हात ते जिवावर बेतू शकतं, हे मी घाबरवायला म्हणून लिहीत नाहीये. ऑगस्ट 2024 मध्ये पॅरिसला विनेश फोगाटचं काय झालं ते तू पाहिलंच असशील, आदल्या दिवशी तीन कुस्त्या जिंकून फायनल गाठली, रात्रभर वजन उतरवायचा प्रयत्न केला आणि सकाळी काट्यावर 50 किलोपेक्षा 100 ग्रॅम जास्त भरलं. तिच्याबरोबर डॉक्टर, ट्रेनर सगळे होते. तुझ्याबरोबर कोण आहे? या वेळी वरच्या वजनगटात खेळ. हरलास तरी चालेल, पुढच्या वेळी दोन महिने आधीपासून खुराक बघ, जाणकार आहारतज्ज्ञाला विचारून, आठवड्याला अर्धा किलोच्या चालीने.

वस्तादांना माझा नमस्कार सांग आणि हेही सांग की जोर मारताना पैलवान मागे पर्वतासनात जातो आणि खालून सापासारखा वर येतो तेव्हा भुजंगासनच असतं, आखाडा आणि योग एकाच घरातले आहेत. आपल्या खान्देशाचीच गोष्ट आहे, स्वामी कुवलयानंद, ज्यांनी 1924 मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि आसनांचा शरीरावर काय परिणाम होतो हे प्रयोगशाळेत तपासायला सुरुवात केली, ते त्याआधी अमळनेरला शिकवायचे, आणि ते तयार झाले होते बडोद्याला माणिकरावांच्या आखाड्यात. आधी व्यायामशाळा, मग योग. मला याचा फार अभिमान वाटतो आणि आपल्याकडच्या पोरांना हे कोणी सांगतच नाही.

तुला योग कुठे उपयोगी पडेल सांगते. एक, खांदे आणि पाठीचा वरचा भाग, जोर-बैठकांनी छाती आणि मांड्या आवळून येतात, त्यासाठी गोमुखासनाचे हात, मकरासन, अर्धमत्स्येंद्रासन, प्रॅक्टिसनंतर. दोन, मॅटच्या कुस्तीत तीन-तीन मिनिटांचे दोन राउंड आणि मध्ये तीस सेकंद, त्या तीस सेकंदांत वस्ताद ओरडून सांगत असतात आणि पोरगा तोंड उघडं टाकून धापा टाकतो, तिथे तीन-चार लांब उच्छ्वास जमले तर डोकं जागेवर येतं, पण ते सवय असेल तरच जमतं. शीर्षासन करू नकोस, डोकं आणि पाय टेकवून पूल घालताना तुझी मान आधीच भरपूर भार घेते. तुझ्याच तालुक्यातल्या सायगाव बगळीच्या विजय चौधरींनी 2014 ते 2016 सलग तीन वर्षं महाराष्ट्र केसरीची गदा आणली, तुझ्या डोळ्यासमोर तेच असणार. मग शरीर दहा वर्षं टिकवायचंय, आठ दिवस नाही.

मी शिक्षिका, वय 38, धुळे. चार दिवस पांझरेच्या काठाने पळते, तीन दिवस पॉवर योगा. दहा किलोमीटरचा वेळ सुधारायच्या ऐवजी वाढतोय, सारखं थकल्यासारखं वाटतं.

मॅडम, चार आणि तीन सात झाले, तुमच्या आठवड्यात रिकामा दिवसच नाही. घामाचा योग हा पण व्यायामच. तीनपैकी एक दिवस पूर्ण काढून टाका, एक दिवस शांत योग करा, ओढणी तळपायाला अडकवून सुप्तपादांगुष्ठासन, कपोतासनाचा साधा प्रकार, वीस मिनिटं योगनिद्रा, आणि एकच दिवस जोराचा ठेवा, तोही लांब पळायच्या आदल्या दिवशी नको. महिनाभर असं करून बघा. एकदा हिमोग्लोबिन आणि थायरॉइड पण तपासून घ्या, शाळा, घर आणि पळणं यात बायका स्वतःचं रक्त तपासायचंच विसरतात.

ताई, मी रावेरकडचा केळीवाला शेतकरी, वय 64. शाळेत 100 मीटरला पहिला यायचो. नातू म्हणतो म्हाताऱ्यांच्या पण स्पर्धा असतात, पळा. बीपीची गोळी चालू आहे. सकाळी उठताना मना गुडघा दुखस, चाललो की बरा होतो. आसन आयुष्यात केलं नाही. योग सुरू केला तर पळता येईल का? लोक हसतील का?

आप्पा, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. जे हसतील त्यांना मान कौर यांचं नाव सांगा. चंदीगडच्या या आजी वयाच्या 93 व्या वर्षी पळायला लागल्या आणि 2017 मध्ये न्यूझीलंडला ऑकलंडच्या जागतिक मास्टर्स स्पर्धेत 101 व्या वर्षी 100 मीटरचं सुवर्ण घेऊन आल्या. तुम्ही त्यांच्यापुढे पोरगेलेसे आहात.

नातू बरोबर सांगतोय. मास्टर्स ॲथलेटिक्स 35 वर्षांपासून सुरू होतं आणि पाच-पाच वर्षांचे गट असतात. तुम्ही आत्ता 60 ते 64 मध्ये सगळ्यात मोठे, 65 पूर्ण झाले की 65 ते 69 मध्ये सगळ्यात लहान. म्हणून घाई करू नका, हे वर्ष तयारीचं, पुढच्या वर्षी पळा, आपोआप फायदा तुमच्या बाजूला.

आधी डॉक्टर. ईसीजी आणि स्ट्रेस टेस्ट, आणि त्यांना स्पष्ट सांगा की मला चालायचं नाहीये, जोरात पळायचंय, कारण दोन्हीची तपासणी वेगळी होते. बीपी आहे म्हणून श्वास रोखायचा नाही, शीर्षासन नाही, जोराची कपालभाती-भस्त्रिका नाही. साधा अनुलोम-विलोम, न रोखता, चालेल.

आता योग तुमच्यासाठी काय करेल. वय वाढलं की झटका देणारे स्नायू आधी कमी होतात आणि तोल जातो. लवचिकता तुमच्यात बऱ्यापैकी असणार, जन्मभर मांडी घालून जेवलात, शेतात उकिडवे बसलात, शहरातल्या चाळिशीच्या माणसाला ते जमत नाही. तुमची खरी गरज तोल आणि पोटऱ्या-मांड्यांची ताकद आहे. हे करा, सकाळी चहा उकळायला ठेवला की ओट्याला एक बोट टेकवून एका पायावर उभे राहा. डोळे समोरच्या डब्यावर. पाऊल बघा, अंगठा जमीन धरतोय, घोटा डावी-उजवीकडे थरथरतोय, ती थरथर म्हणजेच व्यायाम चाललाय. दहा सेकंद सहज जमले की बोट उचला. मग दुसरा पाय. चहा उतू जाईपर्यंत दोन-तीन फेऱ्या होतात. नंतर भिंतीला पाठ लावून अर्धं उत्कटासन, सेतुबंधासन, टाचा वर उचलणं, ताडासन. वज्रासनात बसायचं असेल तर पोटरी आणि मांडीच्या मध्ये गोधडीची घडी ठेवा. सकाळी दुखून चालल्यावर बरा होणारा गुडघा बहुतेक वयाने झिजायला लागलेला असतो, तो पूर्ण बसवून ठेवला तर जास्त आखडतो, पण सूज किंवा गरमपणा असेल तर डॉक्टरांना त्याच फेरीत दाखवा.

पळणं पहिले दोन महिने नको, रोज चालणं, बांधावरून नाही, सपाट रस्त्याने. तिसऱ्या महिन्यात वीस-तीस मीटर हलकं पळून परत चालत यायचं. पूर्ण जोर सहाव्या महिन्याआधी नाही, कारण या वयात मन सोळा वर्षांचं पळतं आणि मांडीचा मागचा स्नायू चौसष्टचा असतो, तो पहिल्या दिवशीच धरतो. शनिवार-रविवारी नातवाला बरोबर घ्या, त्याच्या हातात घड्याळ द्या. उन्हाळ्यात सूर्य वर यायच्या आत घरी.

काटेरी स्पाइक्सचे बूट आत्ता घेऊ नका, साधे पळायचे बूट घ्या, जरा मोठ्या मापाचे. ईसीजीचा कागद आला की मला लिहा.